माशाचे तेल आणि रक्तातील कोलेस्टेरॉल : एका समजुतीचा इतिहास

मागच्या हिवाळ्यात आम्ही वसईकडची काही मंडळी दोन दिवसांच्या विसाव्यासाठी मुळशीच्या धरणाकाठी गेलो होतो. सह्याद्रीच्या माथ्यावरचा तो विस्तीर्ण जलाशय, काठावरची भातखाचरे आणि पलीकडे ताम्हिणी घाटातून कोकणात उतरणारा रस्ता, असे ते ठिकाण. दुपारी एका घरगुती खानावळीत जेवायला बसलो, तेव्हा तांदळाच्या भाकरीबरोबर गोड्या पाण्यातल्या माशाचे कालवण ताटात आले. समुद्राच्या मासळीवर वाढलेल्या आमच्या जिभांना ती चव निराळी वाटली. तरी सर्वांनी दुसऱ्यांदा मागून घेतले. जेवण आटोपल्यावर आमच्यातील एका वडीलधाऱ्या स्नेह्यांनी खिशातून डबी काढली आणि मधाच्या रंगाची एक पारदर्शक कॅप्सूल तोंडात टाकली. वाढणाऱ्या बाईंनी विचारले, "बाबा, ही कशाची गोळी?" "माशाच्या तेलाची. कोलेस्टेरॉल उतरते हिने." बाई हसल्या. "मासा तर आत्ताच खाल्लात की! मग आणखी गोळीतून कशाला?"

आम्हीही हसलो. परंतु संध्याकाळी बोलता बोलता कळले की, या कॅप्सूल सुरू केल्यापासून आमच्या स्नेह्यांनी डॉक्टरांनी दिलेली कोलेस्टेरॉलची गोळी परस्पर बंद केली होती. 'एकाच दुखण्यावर दोन औषधे कशाला? आणि हे तर आपल्या समुद्राचेच आहे,' असा त्यांचा युक्तिवाद होता. घरी परतल्यावर आम्ही आग्रह धरला म्हणून त्यांनी रक्त तपासून घेतले. ट्रायग्लिसराइड नावाचा मेद उतरला होता. पण ज्याला बोलीभाषेत 'वाईट कोलेस्टेरॉल' म्हणतात ते एलडीएल पूर्वीपेक्षा चढले होते. एका हृदयविकाराच्या झटक्यातून उठलेल्या माणसासाठी ही साधी गोष्ट नव्हती.

हे असे का व्हावे? माशाचे तेल कोलेस्टेरॉल उतरवते, ही समजूत केवळ आमच्या स्नेह्यांची नाही; आपल्या समाजातील कितीतरी सुशिक्षित घरांत ती पक्की बसलेली आहे. ती खोटी म्हणून झटकून टाकावी, इतकी निराधारही नाही. तिला दीडशे-दोनशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्या इतिहासात थोर शास्त्रज्ञ, प्रामाणिक परिश्रम आणि काही सुरस गैरसमज यांची गुंतागुंत झालेली आहे. ती उलगडून पाहावी, एवढाच या लेखाचा हेतू.

यकृतातले तेल

माशाच्या तेलाची कीर्ती प्रथम झाली ती हृदयासाठी नव्हे, हाडांसाठी. उत्तर युरोपातील कोळी कॉड माशाच्या यकृताचे तेल पिढ्यान्‌पिढ्या वापरीत होते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमधील मँचेस्टरच्या रुग्णालयात सांधेदुखीच्या रोग्यांना ते देण्यास सुरुवात झाली. १८४१ साली जॉन ह्यूज बेनेट या वैद्याने या तेलावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि क्षय, मुडदूस अशा रोगांवर त्याची शिफारस केली. तोवर हे तेल काढण्याची रीत मोठी ओंगळ होती. यकृते पिंपात कुजू द्यायची आणि वर तरंगलेले काळपट तेल काढून घ्यायचे! १८५३ साली पीटर मोलर या नॉर्वेच्या औषधविक्रेत्याने ताज्या यकृतातून वाफेच्या साहाय्याने तेल काढण्याची पद्धत शोधली, आणि त्यानंतरच ते सभ्य घरांत शिरले.

आपल्या घरांत ते आले ते स्कॉट्स इमल्शनच्या बाटलीतून. पाठीवर भला थोरला मासा टाकून निघालेला तो चित्रातला कोळी आमच्या पिढीतील कोण विसरेल? नाक दाबून घ्यायचा तो पांढरा चमचा, मागोमाग खडीसाखरेचा खडा, ही अनेकांच्या बालपणाची आठवण आहे. त्या चमच्यात नेमके काय होते, हे मात्र विसाव्या शतकातच उमगले. एडवर्ड मेलनबी यांनी १९१९ च्या सुमारास कुत्र्यांच्या पिल्लांवर प्रयोग करून कॉड माशाचे तेल मुडदूस टाळते, असे दाखविले. आणि १९२२ साली अमेरिकेत मॅककॉलम व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यामागचे द्रव्य 'अ' जीवनसत्त्वाहून वेगळे असल्याचे सिद्ध केले. तेच 'ड' जीवनसत्त्व.

दुसऱ्या महायुद्धात युरोपातून येणारे कॉडचे तेल दुर्मीळ झाले, तेव्हा आपल्या किनाऱ्याकडे लक्ष वळले. आपल्या कोळ्यांना मोरी आणि मुशी यांच्या यकृतातील तेल नवे नव्हते. होडीच्या लाकडाला पाण्यापासून जपण्यासाठी माशाचे तेल चोपडण्याची रीत जुनीच. पण शार्क जातीच्या माशांच्या यकृतात 'अ' जीवनसत्त्व विपुल असते, हे ध्यानी आल्यावर मद्रास, त्रावणकोर आणि मुंबई या तिन्ही बाजूंना औषधी तेलाचे उत्पादन सुरू झाले. होडीला लावायचे तेल बाटलीत आले. पुढे शार्कोफेरॉलसारखी टॉनिके घरोघर गेली.

येथे एक गोष्ट पक्की ध्यानात धरली पाहिजे. कारण पहिला घोटाळा येथेच होतो. यकृताचे तेल आणि माशाच्या अंगातले तेल, ही दोन वेगळी तेले आहेत. यकृताच्या तेलाचे मोल 'अ' आणि 'ड' या जीवनसत्त्वांत. बांगडा, तारली, पेडवे यांच्यासारख्या तेलकट माशांच्या मांसात जो मेद असतो, त्याचे मोल ओमेगा-३ या गटातील दोन मेदाम्लांत. ईपीए आणि डीएचए या आद्याक्षरांनी ती ओळखली जातात. यकृताच्या तेलातही ही मेदाम्ले असतात. पण ती भरपूर मिळावीत म्हणून कोणी चमच्यावर चमचे यकृताचे तेल घेऊ लागला, तर 'अ' जीवनसत्त्वाचा अतिरेक होतो. गर्भवती स्त्रियांना तर तो विशेष घातक. बाटलीवर दोन्हीकडे मासाच छापलेला असतो, म्हणून लोकांच्या मनात हाडांची कीर्ती हृदयाला चिकटली.

संशयाची सुई

आता दुसऱ्या पात्राकडे वळू. कोलेस्टेरॉल हे नाव पित्ताशयातील खड्यांवरून पडले. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यांनी १८१६ च्या सुमारास, ग्रीक भाषेतील 'पित्त' आणि 'घट्ट' या अर्थाच्या शब्दांवरून ते ठेवले. हा पदार्थ शरीराचा शत्रू नव्हे. प्रत्येक पेशीच्या आवरणाला तो लागतो, आणि त्याचा मोठा भाग आपले शरीर स्वतःच तयार करते. परंतु १९१३ साली सेंट पीटर्सबर्ग येथे निकोलाय अनिच्कोव यांनी सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घालून त्यांच्या रोहिण्यांत मेदाचे थर बसल्याचे दाखविले, आणि संशयाची सुई या पदार्थाकडे वळली. १९४८ साली अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम गावी सुरू झालेल्या दीर्घ पाहणीने आणि १९५८ पासून ॲन्सेल कीज यांनी सात देशांत केलेल्या अभ्यासाने हा संशय बळावला. रक्तातील कोलेस्टेरॉल जितके अधिक, तितका हृदयविकाराचा धोका अधिक.

मग प्रश्न आला की कोणता मेद खाल्ल्याने ते वाढते आणि कोणत्या मेदाने उतरते? दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊन येथे ब्राँट-स्टुअर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी निरनिराळी तेले माणसांना देऊन रक्त तपासले. १९५६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष सर्वांना चकित करणारा होता. प्राणिज मेदाने कोलेस्टेरॉल वाढते, असे मानले जात असताना, पिल्चर्ड या तारलीच्या नातलग माशाच्या तेलाने मात्र ते उतरले! म्हणजे मेद प्राण्याचा की वनस्पतीचा हा प्रश्न नसून, तो रसायनदृष्ट्या कसा घडलेला आहे हा खरा प्रश्न होता. तुपासारखा थिजणारा संपृक्त मेद कोलेस्टेरॉल वाढवतो. थंडीतही पातळ राहणारा असंपृक्त मेद वाढवत नाही.

'माशाचे तेल कोलेस्टेरॉल उतरवते' या वाक्याचा उगम शोधायचा तर तो येथे सापडतो. पण दुसरा घोटाळाही येथेच आहे. या प्रकारच्या प्रयोगांत माशाचे तेल आहारातील दुसऱ्या मेदाच्या जागी, मोठ्या प्रमाणात दिले जाई. लोणी काढून घेतले आणि त्या जागी तेल दिले, तर उतरलेल्या कोलेस्टेरॉलचे श्रेय तेलाचे किती आणि गेलेल्या लोण्याचे किती? आमचे स्नेही मात्र लोणी, वनस्पती तूप, बेकरीची बिस्किटे सारे तसेच चालू ठेवून वरून एक थेंबभर तेल घेत होते. जुन्या प्रयोगाचा आधार त्यांच्या डबीला मुळीच नव्हता.

ग्रीनलंडचे बर्फ

माशाच्या तेलाला आजची कीर्ती मिळवून दिली ती डेन्मार्कच्या दोन संशोधकांनी. हान्स ओलाफ बँग आणि योर्न डायरबर्ग अशी त्यांची नावे. ग्रीनलंडचे इन्युइट लोक सील, देवमासा आणि मासळी यांवर जगतात, मेद भरपूर खातात, आणि तरीही त्यांच्यात हृदयविकार क्वचितच आढळतो, असे वैद्यकवर्तुळात बोलले जाई. १९७० साली हे दोघे ग्रीनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील उमानाक भागात गेले, कुत्र्यांच्या घसरगाड्यांवरून वाडीवाडी फिरले आणि १३० माणसांचे रक्त गोळा करून परतले. १९७१ साली त्यांचा निबंध 'लॅन्सेट'मध्ये आला. डॅनिश लोकांच्या तुलनेने इन्युइट लोकांच्या रक्तात कोलेस्टेरॉल कमी होते. पण त्याहून डोळ्यांत भरण्याजोगा फरक ट्रायग्लिसराइडमध्ये होता. पुढे त्यांच्या रक्तात ईपीए हे मेदाम्ल विपुल सापडले, आणि ते रक्त सहजी गोठू देत नाही, हेही दिसून आले.

इंग्लंडमधील ह्यू सिंक्लेअर हे या विषयाचे जुने अभ्यासक. १९७९ साली त्यांनी स्वतःवरच प्रयोग केला. शंभर दिवस केवळ सील, मासे, शंख-शिंपले आणि पाणी! शेवटी त्यांच्या जखमेतून रक्त वाहण्याचा अवधी तीन-चार मिनिटांवरून पन्नास मिनिटांच्या पुढे गेला. वेड म्हणावे की तपश्चर्या, हे वाचकांनी ठरवावे. पण माशाच्या तेलाचा रक्तावर खरोखर परिणाम होतो, याविषयी त्यानंतर शंका उरली नाही.

शंका उरली ती निराळीच. बँग आणि डायरबर्ग यांनी रक्त तपासले होते. हृदये तपासली नव्हती. इन्युइट लोकांत हृदयविकार कमी, ही गोष्ट त्यांनी सरकारी नोंदींवरून गृहीत धरली होती, आणि दुर्गम वस्त्यांतील मृत्यूंच्या नोंदी कितपत खऱ्या, हा प्रश्नच होता. २०१४ साली कॅनडाच्या जॉर्ज फोडोर व त्यांच्या सहकाऱ्यांनी सारा पुरावा पुन्हा तपासला. हृदयविकार इन्युइट लोकांतही इतरांइतकाच होता आणि पक्षाघाताने होणारे मृत्यू तर अधिकच होते, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. त्यानंतर वर्षभराने आनुवंशिकीच्या अभ्यासकांनी दाखविले की, हजारो वर्षे अशा आहारावर जगल्यामुळे मेदाम्ले घडविणाऱ्या जनुकांतच या लोकांमध्ये बदल झालेला आहे. तात्पर्य, एका लोकसमूहाचे पिढ्यान्‌पिढ्यांचे जगणे, त्यांचे बर्फ, त्यांचे श्रम, त्यांची शिकार, एवढेच नव्हे तर त्यांचे रक्त, हे सारे बाजूला ठेवून आपण त्यातील तेवढे तेल उचलले आणि बाटलीत भरले.

गलबतांचा हिशेब

मग माशाचे तेल नेमके करते तरी काय? आपण किनाऱ्याची माणसे. तेव्हा बंदराचीच उपमा घेऊ. मेद पाण्यात विरघळत नाही, म्हणून रक्तातून नेताना शरीर त्याला गलबतात भरते. यकृत हे बंदर. तेथून निघणारी मोठी गलबते मुख्यतः ट्रायग्लिसराइडचा माल वाहतात. स्नायूंच्या आणि मेदपेशींच्या धक्क्यांवर तो माल उतरत जातो, गलबत लहान होत जाते, आणि शेवटी त्यात मुख्यतः कोलेस्टेरॉल उरते. हे उरलेले लहान गलबत म्हणजे एलडीएल. ही गलबते वेळेवर बंदरात परतली तर बरे. परतली नाहीत तर रोहिण्यांच्या भिंतींत शिरून रुततात.

माशाच्या तेलातील मेदाम्ले यकृतातून निघणाऱ्या मालातच कपात करतात. म्हणून ट्रायग्लिसराइड उतरते. रोज ४ ग्रॅम मात्रेत ते साधारणपणे २० ते ३० टक्के उतरते, असा अनेक प्रयोगांचा अनुभव आहे. परंतु उरलेल्या लहान गलबतांना बंदरात परत ओढून घेण्याचे काम हे तेल करीत नाही. उलट, मोठी गलबते लवकर रिती होऊन त्यांची एलडीएलमध्ये गणती होऊ लागते, आणि ज्यांचे ट्रायग्लिसराइड फार चढलेले असते अशा काही रुग्णांत एलडीएल वाढलेलेही दिसते. यात डीएचएचा वाटा अधिक असतो. आमच्या स्नेह्यांच्या बाबतीत मात्र मुख्य कारण याहून साधे होते, असे त्यांच्या डॉक्टरांनी सांगितले. एलडीएल ओढून घेणारी गोळीच त्यांनी बंद केली होती.

त्या गोळीचाही इतिहास थोडक्यात सांगितला पाहिजे. यकृताच्या धक्क्यावर एलडीएलला पकडून घेणारे ग्राहक असतात, या शोधाबद्दल ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. जपानचे अकिरा एंडो यांनी १९७० च्या दशकात बुरशीतून काढलेल्या द्रव्यापासून स्टॅटिन या गटातील औषधांचा पाया घातला. स्टॅटिन यकृतातील कोलेस्टेरॉलचे उत्पादन रोखते, मग यकृत अधिक ग्राहक बाहेर काढते आणि एलडीएल रक्तातून ओढून घेते. दोन औषधे, दोन वेगळी कामे. एकाने दुसऱ्याची जागा घ्यावी, असा प्रश्नच उद्‌भवत नाही.

कसोटी

प्रयोगशाळेतील आकडे उतरणे वेगळे आणि माणूस वाचणे वेगळे. या दुसऱ्या कसोटीचा इतिहासही चढउतारांचा आहे. हॉलंडमधील झुत्फेन गावच्या ८५२ पुरुषांची पाहणी १९८५ साली प्रसिद्ध झाली. रोज ३० ग्रॅम तरी मासे खाणाऱ्यांत हृदयविकाराने होणारे मृत्यू निम्म्याहून कमी आढळले. १९८९ साली वेल्समधील २,०३३ पुरुषांच्या प्रयोगात, एकदा झटका येऊन गेलेल्यांना आठवड्यातून दोनदा तेलकट मासा खाण्यास सांगितले होते. दोन वर्षांत त्यांच्यातील मृत्यू २९ टक्क्यांनी घटले. लक्षात घ्यावे, या माणसांचे कोलेस्टेरॉल मात्र म्हणण्यासारखे उतरले नव्हते. १९९९ साली इटलीत ११,३२४ रुग्णांवरील प्रयोगात रोज १ ग्रॅम तेलानेही लाभ दिसला, आणि कॅप्सूलची बाजारपेठ फोफावली.

पुढे स्टॅटिन सर्वत्र रुळले, उपचार सुधारले आणि तेलाचा तो लाभ दिसेनासा झाला. २०१८ साली मधुमेहाच्या १५,४८० रुग्णांवरील ब्रिटिश प्रयोगात आणि त्याच सुमारास २५,८७१ अमेरिकनांवरील प्रयोगात रोजच्या १ ग्रॅम कॅप्सूलने हृदयाच्या प्रमुख आजारांत लक्षणीय घट झाली नाही. त्याच वर्षी, ट्रायग्लिसराइड चढलेल्या आणि स्टॅटिन चालू असलेल्या ८,१७९ रुग्णांना शुद्ध ईपीएची ४ ग्रॅमची मात्रा दिली असता धोका २५ टक्क्यांनी घटला. पण तुलनेसाठी दिलेल्या खनिज तेलानेच दुसऱ्या गटाचे नुकसान झाले असावे, असा आक्षेप निघाला. आणि २०२० साली ईपीए व डीएचए एकत्र दिलेल्या १३,०७८ रुग्णांच्या प्रयोगात लाभ आढळला नाही. मोठ्या मात्रेने हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका थोडा वाढतो, हेही अशा प्रयोगांतून पुढे आले. वाद मिटलेला नाही. मिटलेली गोष्ट एकच की, या तेलाचा जो काही लाभ असेल, तो कोलेस्टेरॉल उतरवून होत नाही.

आपले ताट

हा सारा इतिहास परक्या देशांचा झाला. आपले काय? २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीत महाराष्ट्रासह तीन राज्ये आणि चंडीगड येथील लोकांचे रक्त तपासले होते. एकूण कोलेस्टेरॉल चढलेले लोक १३.९ टक्के निघाले. ट्रायग्लिसराइड चढलेले २९.५ टक्के, आणि एचडीएल हे उपकारक कोलेस्टेरॉल कमी असलेले तब्बल ७२.३ टक्के. म्हणजे आपल्या लोकांचे दुखणे बहुतांशी ट्रायग्लिसराइड आणि एचडीएल यांचे आहे. पांढरा भात, मैदा, साखर, दारू, सुटलेले पोट आणि बैठे काम यांनी ते वाढते. औषधाआधी विचार करायचा तो याचा.

मुळशी तालुक्यात हा बदल एका दृष्टिक्षेपात दिसतो. १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली ज्या शेतकऱ्यांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, ते आंबेमोहोर पिकवणारे, नाचणी-वरईवर जगणारे, कारळ्याचे तेल खाणारे आणि दिवसभर डोंगर चढणारे लोक होते. नदीओढ्यांतील मासा आणि घाटाखालून येणारी सुकी मासळी ही त्यांची तोंडीलावणी. सत्याग्रह मोडला, खोऱ्यातील सुपीक भातशेती पाण्याखाली गेली. आज त्याच तालुक्याच्या पूर्व टोकाला हिंजवडीचे संगणकनगर उभे आहे. तेथे दहा-दहा तास खुर्चीत बसणाऱ्या तरुणांच्या टेबलावर तीच मधाच्या रंगाची डबी दिसते. त्या डबीतील तेल बहुधा आपल्या समुद्राचेही नसते. जगातील अशा कॅप्सूलचे बरेचसे तेल पेरू देशाच्या किनाऱ्यावरील अँकोव्ही या बारीक मासळीचे असते. आणि नेहमीच्या १,००० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये ईपीए व डीएचए मिळून ३०० मिलिग्रॅमच असतात. वर सांगितलेली ४ ग्रॅमची मात्रा गाठायला अशा तेरा-चौदा कॅप्सूल रोज गिळाव्या लागतील!

आमच्या स्नेह्यांना हे सांगितले तेव्हा ते जरा वेळ गप्पच राहिले. मग म्हणाले, "तर मग माझा बांगडा काय वाईट होता?"

वाईट नव्हताच. बांगडा आणि तारली ही गरिबाची मासळी म्हणून आपल्याकडे पाहुण्यांपुढे ठेवायला लोक संकोचतात. पण ओमेगा-३ च्या दृष्टीने ती महागड्या पापलेटपेक्षा उणी नाहीत. पावसाळ्यानंतरच्या महिन्यांत तारलीच्या अंगी मेद भरपूर असतो. बोंबिलात मात्र मुख्यतः पाणीच. त्याच्याकडून तेलाची अपेक्षा करू नये. सुक्या मासळीतील मीठ रक्तदाब असलेल्यांनी बेताने खावे. मासा कालवणात शिजवावा किंवा थोड्या तेलावर परतावा. पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलात तळून काढला, तर त्याच्या गुणांवर आपणच पाणी सोडतो. पूर्वी शुक्रवारी मांस वर्ज्य म्हणून आपल्या घरोघर मासा शिजे. पोप सहावे पॉल यांनी १९६६ साली हा नियम सैल करण्याची मुभा दिली आणि पुढे अनेक घरांतून ती रीत गेली. तो नियम आरोग्यासाठी नव्हता, संयमासाठी होता. तरी आठवड्यातून एक-दोनदा मटणाच्या जागी मासा येई, हे खरे. आणि 'जागी' हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. केपटाऊनच्या प्रयोगाचे सारही त्या शब्दातच होते.

मासे न खाणाऱ्यांसाठी देशावरचे जवस आहे. त्यातील ओमेगा-३ वेगळ्या जातीचे असून शरीरात त्याचे ईपीए फारच थोडे होते. पण गंमत अशी की, भरडलेले जवस नियमित खाल्ल्यास एलडीएल किंचित उतरते, असे अनेक प्रयोगांच्या एकत्रित अभ्यासात दिसले आहे. नुसत्या जवसाच्या तेलाने ते उतरत नाही. ज्या कामाचे श्रेय आपण माशाच्या तेलाला देतो, ते थोडेफार काम जवसाची चटणी मुकाट्याने करीत आली.

असो. आमच्या स्नेह्यांची जुनी गोळी पुन्हा सुरू झाली आहे. कॅप्सूलची डबी त्यांनी डॉक्टरांपुढे ठेवली आणि तुमच्यासाठी ती गरजेची नाही, असे उत्तर त्यांना मिळाले. कोणाचे ट्रायग्लिसराइड फार चढले असेल तर डॉक्टर औषधी मात्रेचे तेल स्वतःहून देतील. तो निर्णय औषधाच्या दुकानाच्या काउंटरवर घ्यायचा नसतो, आणि चालू गोळी बंद करण्याचा तर मुळीच नाही. तीन महिन्यांनी त्यांनी पुन्हा रक्त तपासले तेव्हा एलडीएल खाली आले होते. यंदाच्या हिवाळ्यात मुळशीला पुन्हा जायचे ठरते आहे. त्या बाईंच्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे राहून गेले होते. ते आता आम्ही देऊ शकू.